नवव्या दिवसानंतरची नोंद

मामांवर दूध नासवल्याचा आळ आला तेव्हा माझी मुलगी दहा महिन्यांची होती. मामा म्हणजे माझे सासरे, शहादेव. आणि ज्या पेटीच्या नोंदीवरून हा आळ आला, त्या पेटीतला प्रोग्रॅम मी लिहिलेला होता.

२०१९चा उन्हाळा. आमचं गाव धारूरच्या डोंगराला लागून. विहिरी संक्रांतीनंतर लगेच आटल्या, पिण्याचं पाणी टँकरचं, जनावरं माळावरच्या छावणीत. शेतातून काही येणार नव्हतं, यायचं ते दूध. छावणीतल्या गायींचं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधून सोसायटीच्या बल्क कूलरमध्ये यायचं. कूलर म्हणजे मोठी स्टीलची टाकी, दूध चार डिग्रीवर धरून ठेवणारी. तालुक्याच्या दूध संघाचा टँकर दिवसाआड येऊन ते दूध मांजरसुंब्याच्या रस्त्यानं घेऊन जायचा.

त्या टाकीवर मामा कामाला होते. आमचं घर बौद्धवाड्यातलं. मामांना टाकीवर ठेवलं तेव्हा चार-पाच घरांनी आपलं दूध शेजारच्या गावाला न्यायला सुरुवात केली होती. चेअरमन अर्जुनराव तेव्हा म्हणाले होते, "मला जागणारा माणूस पायजे. बाकीचं मला सांगू नका." पुढं लांब पडतं म्हणून ती घरंही परत आली. मामांनी या गोष्टीचा घरात कधी विषय काढला नाही. लाईट गेली की हातातला घास ताटात ठेवून ते जनरेटर सुरू करायला जायचे. पुतणीच्या लग्नाला ते अक्षता टाकायला गेले आणि जेवायच्या आत परत आले.

मी कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलेलं. पुण्यात एका छोट्या कंपनीत होते, यंत्रांच्या पोटात बसणारे प्रोग्रॅम लिहायला. मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात घरी आले आणि मग इथंच राहिले. नवरा चाकणला, मी इथं लॅपटॉप घेऊन. कंपनीनं संघाला चाळीस पेट्या विकल्या होत्या. कूलरच्या अंगावर बसवायची छोटी पेटी, दर दहा मिनिटांनी दुधाचं तापमान घेणार आणि आतल्या कार्डावर लिहून ठेवणार. कार्डावर लिहिणाऱ्या चिपला कामाला लावायचा जो भाग असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिला. मामा पारावर सांगायचे, "आमची सून ड्रायव्हर लिव्हती." कुणीतरी विचारायचं, "ट्रॅक्टरचा का जीपचा?" आणि मामा गंभीरपणे म्हणायचे, "दुधाचा."

आमच्या गावाला पेटी आली त्या दिवशी त्यांनी तिच्यावर आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या लुगड्याचं फडकं शिवून घातलं. धूळ बसू नये म्हणून.

आळ आला तो असा. मे महिन्यात एके दिवशी संघाच्या मोठ्या टाकीतलं दूध फाटलं. त्यात ओतलेल्या टँकरमध्ये तीन गावांचं दूध होतं. संघाच्या माणसानं तिन्ही गावांच्या पेट्यांतली कार्डं काढून नेली. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ कागद घेऊन आमच्या दारात आले. मी मुलीला न्हाऊ घालत होते. तांब्याभर पाण्यात न्हाणं म्हणजे फडकं ओलं करून पुसणंच.

"शहादेव, हे बघ," बद्रीनाथ म्हणाले. "बाकी दोन गावांत निसत्या मोकळ्या जागा हायेत. लाईट न्हवती, पेटी बंद. समजलं. तुझ्या कागदात मोकळी जागा एक न्हाई. अन् रात्री दोनला टाकीत एकतीस डिग्री. एकतीस. दोन वाजून धा मिनटांनी अठ्ठावीस. दूध हाय का चहा?"

मामांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येतं, पण ते बराच वेळ एकाच ओळीवर राहिले.

"मी तिथंच व्हतो," ते म्हणाले.

"तिथं असशील. जागा व्हतास का?"

"व्हतो."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

मामांनी कागदाची घडी घातली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मुलगी माझ्या हातात ओली होती, वारा लागेल म्हणून मी तिला पदरात घेतलं.

"किल्ली दे," बद्रीनाथ म्हणाले. "शनिवारी मीटिंग हाय. तवर रामकिसन बघंल." रामकिसन त्यांचा पुतण्या, बारावी होऊन घरी बसलेला.

ते गेल्यावर आत्या त्यांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. केशरबाई म्हणजे आमच्या आत्या, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. मामांनी त्यांना हातानं गप्प केलं आणि मला जे म्हणाले ते मी अजून विसरले नाही.

"माजाच डोळा लागला असंल बाई. मशीन कावून खोटं बोलंल? तू केलंय ना ते."

*

मुलगी झोपली की मी बसायचे. दुपारी बारा ते दोन. पत्र्याखाली उकडायचं. मधून मधून उठून तिच्या टाळूवर हात ठेवायचा, छाती वरखाली होते का बघायचं, दिवसात किती लंगोट ओले झाले ते मनात मोजायचं. छावणीच्या बाजूला दोन लेकरांना हगवण लागली होती. मी तिचं पाणी दोनदा उकळायचे. तिला दूध त्याच टाकीतलं जायचं. मामा रोज सकाळी मापानं घेऊन छोट्या किटलीत आणायचे, रोजच्या वहीत आमच्या नावावर लिहून. ते दूध एकदाही फाटलं नव्हतं. मला स्वतःला तेवढा पुरावा पुरेसा होता. पण आईच्या शब्दाला कुठल्या मीटिंगमध्ये जागा असते?

मी कार्डातली सगळी नोंद मागवून घेतली. संघाच्या माणसानं फोनवर पाठवली, आपल्यासाठी ती बिनकामाची आहे अशा थाटात. अगदी सुरुवातीचे आकडे सोडले तर पहिले नऊ दिवस सरळ होते. चार, साडेतीन, चार. दूध ओतलं की थोडं चढणार, तासाभरात परत खाली. दहाव्या दिवसापासून एकदम एकतीस, अठ्ठावीस, चोवीस.

मी तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा मला तो एकतीस ओळखीचा वाटला. एकतीस पूर्णांक चार. मागं गेले. पहिल्या दिवशी, पेटी सुरू झाली तेव्हा, रिकाम्या गरम टाकीत दूध नुकतंच ओतलं होतं. तिथं एकतीस पूर्णांक चार. मग अठ्ठावीस पूर्णांक एक. मग चोवीस पूर्णांक सात. पुढचे सगळे आकडे दशांशासकट तेच आणि त्याच क्रमानं. दहाव्या दिवसापासून पेटी नवीन काही लिहितच नव्हती. पहिल्या दिवसापासूनचं तापमान नव्या तारखांखाली परत लिहीत होती.

 मुलगी कुशीवर वळली. मी उठून तिला नीट केलं आणि परत बसले, कारण आता मला कुठं बघायचं ते कळलं होतं.

पेटीतला जुना बोर्ड गेल्या वर्षी बाजारात मिळेनासा झाला होता. नव्या बोर्डावर मेमरी दुप्पट होती. कंपनीतल्या साहेबांचा फोन आला तेव्हा मला आठवा महिना होता. "बाकी सगळं सेम आहे," ते म्हणाले होते, "मेमरीचा आकडा बदल आणि पाठव." पाय सुजलेले, बसवत नव्हतं. मी आकडा बदलला आणि पाठवला. त्या वेळी मी चिपचं पुस्तक परत उघडलं नाही. ते आता उघडलं. पान एकशे बारा, तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ. कार्डावर लिहिणारी चिप मेमरीचा फक्त खालचा अर्धा भाग पाहू शकते.

म्हणजे असं. मेमरीत प्रत्येक घराला नंबर असतो. चिपला तीनच आकडी नंबर वाचता येतो असं समजा. तिला सांगितलं दोनशे चार नंबरच्या घरातलं उचल, ती बरोबर उचलते. पण सांगितलं बाराशे चार, तर ती पहिला आकडा सोडून देते आणि दोनशे चारच्याच घरात जाते. तिथं जे जुनं पडलेलं असेल ते उचलते, कार्डावर लिहिते आणि काम झालं म्हणून कळवते. चूक झाली असं तिला वाटतच नाही.

खालची घरं भरायला साधारण नऊ दिवस लागत होते. त्यानंतर नवीन तापमान वरच्या घरांत जायला लागायचं आणि चिप खालचं जुनं उचलायची. पेटी एकदा बंद होऊन सुरू झाली की सगळी घरं रिकामी, पुन्हा पहिल्यापासून. एकोणचाळीस गावांत लाईट रोज जाते. पेटी रोज बंद पडते, रोज नवी होते. कुठंच नववा दिवस उजाडत नाही. माझ्या टेबलावरही उजाडला नव्हता. इथली लाईट कधी दोन दिवस सलग राहिली आहे?

मग आमचीच पेटी बंद कशी पडली नाही? जनरेटर सुरू करेपर्यंत पाच मिनिटं तरी जातातच. मी मामांना विचारलं. ते ओट्यावर बसून आत्यांनी निवडून ठेवलेले तांदूळ परत निवडत होते. हाताला काम नव्हतं.

"बॅटरी लावलीया ना मी," ते म्हणाले. "ट्रॅक्टरची जुनी. संघाच्या पोराला इचारून लावली. तुजं मशीन मधीच बंद पडाया नको म्हनून. लोक म्हनले असते, सुनेचं मशीन दोन दिस चालतंय अन् बसतंय."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. सगळ्या तालुक्यात एका माणसानं पेटी एकदाही बंद पडू दिली नव्हती, आणि तेवढ्या एकाच माणसाची नोंद खोटी निघाली होती. मी त्यांना हे सगळं सांगितलं, घरांच्या नंबरासकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी माजा डोळा लागला न्हवता," ते म्हणाले.

"नाही मामा."

"बरं," ते म्हणाले आणि परत तांदळाकडं वळले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर मंग चूक तुजी निघंल."

"निघू द्या."

*

दुरुस्ती अवघड नव्हती, दोन दुपारींचं काम. चिपला वरचं दिसत नाही ना, मग खालच्या भागात एक जागा कायमची राखून ठेवायची, तिथं दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही. वरचं तापमान आधी त्या जागेत उतरवायचं, आणि मगच चिपला सांगायचं की आता उचल. आमच्या वस्तीवर दुधाची जीप चढत नाही, म्हणून कॅन आधी खाली वडाजवळ आणून ठेवतात, तसंच.

मी ते लिहून साहेबांना पाठवलं आणि फोन केला. ते हुशार आहेत, त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं.

"चांगलं पकडलंस," ते म्हणाले. "सगळ्या पेट्यांना पाठवू. सुधारणा म्हणून."

"सर, एक पत्र हवंय. चूक प्रोग्रॅमची होती, ऑपरेटरची नाही, एवढंच."

 मागं पुण्यातला पंखा ऐकू येत होता.

"चाळीस पेट्या परत येतील," ते म्हणाले. "आणि त्या कोडवर नाव तुझं आहे. विचार कर. घरून काम करू देणारं दुसरं कुणी मिळणार आहे का तुला? लहान मूल आहे."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी काळजीच्या आवाजात सांगितलं आणि मी "बरं सर" म्हणून फोन ठेवला. नंतर मला स्वतःची लाज वाटली, पण तोवर मुलगी उठली होती.

*

शनिवारची मीटिंग डेअरीच्या ओट्यावर झाली. मुलीला कडेवर घेऊन गेले, घरी ठेवावी तर आत्यांनाही यायचं होतं. मामा खाली पायरीवर बसले. अर्जुनरावांनी त्यांना वर बोलावलं, पण ते उठले नाहीत.

मी दोन कागद शेजारी शेजारी धरले. पहिल्या दिवसाचे आकडे आणि दहाव्या दिवसाचे. "बघा," म्हटलं, "दशांशासकट सारखे आहेत. खरं दूध असं दोनदा सारखं तापत नाही. पेटीनं जुनंच परत लिहिलंय."

कागद हातोहात फिरला. बद्रीनाथांनी चष्मा लावून पाहिला. "सारखे हायेत खरं," ते म्हणाले. "पर सारखे आपोआप येत्यात का कुनी बसवत्यात? पेटी कुनी केली, ते बी बघाया पायजे."

"मी बसवायचे असते तर चार डिग्री बसवले असते, एकतीस कशाला?"

दोघं-तिघं हसले. मला वाटलं, जमतंय. मग मी सोपं करून सांगायला गेले, आणि तिथंच माझं चुकलं. मी म्हटलं, "आपल्या वस्तीवर जीप चढत नाही, बरोबर? समजा नवीन कॅन वरच राहिले. जीपवाल्यानं वर न बघता वडाखाली पडलेले जुने कॅन उचलून नेले. तसं या पेटीत झालंय."

सगळ्यांना समजलं. माना हलल्या. जीप, वड, कॅन, रोजचं होतं ते.

"मंग जुनं कॅन वडाखाली ठिवलं कुनी?" मागून एकजण म्हणाला.

"नाही, तसं नाही, हे नुसतं उदाहरण आहे—"

"म्हंजी शिळं दूध गेलं हे खरं," बद्रीनाथ म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहायला घेतलं.

"तसं ती न्हाई म्हनली," अर्जुनराव म्हणाले. "बद्री, पेन खाली ठेव." ते माझ्याकडं वळले. "सूनबाई, तुमी शिकल्याल्या. मला त्यातलं कळत न्हाई, पर शहादेवला मी वळखतो. मला संघाला काय तरी दाखवावं लागंल. तोंडी चालत न्हाई तिथं. काय दाखवता?"

"नऊ दिवस द्या," मी म्हटलं. "कार्ड काढलं तेव्हा पेटी बंद झाली, आज परत घातलं की पहिल्यापासून मोजेल. मग ती आहे तशी चालू द्या, बॅटरीसकट. तिच्यात मी काही बदलणार नाही. दहाव्या दिवशी संघाचा माणूस बोलवा. स्वतःचं थर्मामीटर टाकीत घालू दे आणि शेजारी पेटी काय लिहिते ते बघू दे. टाकीत काहीही असलं तरी पेटी पहिल्या दिवसाचेच आकडे परत लिहील."

अर्जुनरावांनी तिथल्या तिथं फोन लावला. संघाचा इन्स्पेक्टर दहाव्या दिवशी यायला तयार झाला. "एकदाच यील," अर्जुनराव म्हणाले. "त्याच्याकडं साठ गावं हायेत. पुन्यांदा बोलवायची सोय न्हाई."

तोपर्यंत टाकी रामकिसनकडंच राहणार होती. मामा पायरीवरून उठले, रामकिसनजवळ गेले आणि त्याला बॅटरीची लाल-काळी वायर कुठली ते दाखवून आले.

*

ते दिवस मी रोज जाऊन बघून यायचे. साडेसहाला, ऊन व्हायच्या आत, मुलीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून. पेटीवर एक हिरवा दिवा आणि शेजारी किती दिवस चालू आहे तो आकडा. दोन. तीन. मामांचं लुगड्याचं फडकं कुणीतरी काढून टाकी पुसायला घेतलं होतं. रामकिसन पोरगा वाईट नव्हता. "या वहिनी," म्हणायचा आणि मुलीला गुदगुल्या करायचा. जनरेटर मात्र तो लगेच लावायचा नाही. लाईट येतेय का म्हणून अर्धा तास वाट बघायचा. डिझेल कमी जातंय म्हणून बद्रीनाथांनी त्याचं कौतुक केलं होतं. मी त्याला एकदा म्हटलं, दूध तापतं रे. तर म्हणाला, "पेटी बगतीया की."

पाच. सहा. मामा मला रोज दारातच विचारायचे, "किती?" मी सांगायचे. ते मान हलवायचे. सहाव्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली.

सातव्या दिवशी मुलीला ताप आला. फार नाही, शंभर. दात येत असतील, आत्या म्हणाल्या. पण मी तिला उन्हातान्हात घेऊन गेले नाही, आणि आत्यांकडं ठेवून जायलाही मन होईना. दिवसभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. मामा दोनदा डेअरीच्या दिशेनं गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले. त्यांना तिकडं जायची मनाई नव्हती. पण पुन्हा काही झालं तर यांनीच हात लावला म्हणतील, ही भीती.

आठव्या दिवशी ताप उतरला. मी गेले. हिरवा दिवा होता. शेजारचा आकडा एक होता.

मी रामकिसनला हाक मारली. तो दात घासत बाहेर आला.

"बॅटरी काढली होतीस?"

"काल तेवढी दोन घंटे, वहिनी. छबुबाईच्या नातीचं लगीन व्हतं. लाईट गेली अन् स्पीकर बंद पडला. मंगलाष्टका चालू व्हत्या. आता बॅटरी दुसरीकडं कुटं हुडकावी? तशीच परत आनून लावली की. लाल ला लाल."

तो खरंच बोलत होता. त्याला काहीच लपवायचं नव्हतं. मी त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मंगलाष्टका चालू असताना बॅटरी दिली नसती, असं कोण म्हणेल?

घरी गेले. मामा दारात होते.

"किती?"

"एक," मी म्हटलं.

ते वळून घरात गेले.

मी अर्जुनरावांकडं गेले. आणखी सात दिवस मागितले. त्यांनी माझ्यासमोर इन्स्पेक्टरला फोन लावला, आवाज मोठा करून. पलीकडून उत्तर आलं की उद्या-परवा या बाजूला आहे, मग महिनाभर नाही. अर्जुनरावांनी फोन खाली ठेवला आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. त्या दिवसांत कुणाच्या घरी पाणी मिळणं म्हणजे मोठा मान होता. मी ते अर्धं प्यायले, अर्धं मुलीला पाजावं असं मनात आलं, पण ते उकळलेलं नव्हतं.

इन्स्पेक्टर दहाव्या दिवशी आला. तरुण होता, घाईत होता, टोपी काढून कपाळ पुसत होता. त्यानं थर्मामीटर टाकीत घातलं. साडेचार. पेटीवर साडेचार. कार्ड काढून मागचे दहा दिवस पाहिले. चार, साडेचार, चार. मध्ये सातव्या दिवशी दोन तासांची मोकळी जागा.

"लाईट?" त्यानं विचारलं.

"लाईट," रामकिसन म्हणाला.

"बाकी ओके आहे. पेटी चांगली चालतेय."

मी त्याला पान एकशे बारा दाखवलं. त्यानं वाचलं, म्हणजे डोळे फिरवले. "मॅडम, असेल. पण मला जे दिसतं ते लिहावं लागतं. आधीच्या माणसाच्या काळात एकतीस दिसतं. माणूस बदलल्यावर चार दिसतं. मी काय लिहू?" त्याच्या आवाजात कुरबूर नव्हती. तो खरंच विचारत होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

त्यानं लिहिलं. बद्रीनाथांनी त्याची नक्कल वहीत चिकटवली आणि टाकी रामकिसनकडंच राहिली.

जाताना इन्स्पेक्टरनं बॅगेतून एक छोटं कार्ड काढलं. "कंपनीकडून सुधारणा आली आहे, सगळ्या पेट्यांना घालायची. तुम्हीच घाला ना, तुम्हाला येतं म्हणतात. पुढच्या टँकरबरोबर कार्ड परत पाठवा."

ते माझंच होतं. माझी दुरुस्ती.

*

कार्ड मी दोन दिवस फडताळात ठेवलं, मुलीच्या औषधाच्या डब्यात. ते घातलं की जुना प्रोग्रॅम पुसला जाणार. मग नऊ दिवस काय, नव्वद दिवस पेटी चालवली तरी ती बरोबरच लिहिणार. मामा बरोबर होते हे दाखवायची या गावात उरलेली एकच जागा म्हणजे ती बिघडलेली पेटी, आणि ती मीच नीट करणार होते. मनात आलं, राहू द्यावी. कधीतरी, कुणाच्या तरी हातून, सलग नऊ दिवस होतील.

मामांनी डबा उघडा पाहिला. "हे घालायचंय ना?"

"घालायचंय. पण घातलं की संपलं, मामा. मग दाखवायला काहीच नाही."

त्यांनी कार्ड बोटांत धरून उन्हाकडं केलं, त्यातून काही दिसतंय का बघावं तसं. "अन् न्हाई घातलं तर?"

"कुणी सलग नऊ दिवस नीट चालवली तर त्याच्यावर आळ येईल."

"टाक बाई," ते म्हणाले. "माज्यावर आलं ते आलं."

मी टाकलं. दीड मिनिट लागलं. हिरवा दिवा विझला, परत लागला, शेजारी शून्य आलं. रामकिसननं विचारलं, "आता काय नवीन करतीया?" मी म्हटलं, काही नाही, खरं लिहील. तो म्हणाला, "आदी काय खोटं लिव्हत व्हती का?" आणि स्वतःच हसला.

मृग कोरडा गेला. दुधाची किटली आता आत्या आणतात. मी आधी झाकण काढून वास घेते, मग बोटावर घेऊन चाखते, मग गॅसवर ठेवते आणि भांड्याशेजारून हलत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा फाटलं. आत्यांनी साखर घालून आटवलं, टाकायला जीव होत नाही. त्या दोन्ही दिवशीची नोंद मी मुद्दाम मागवून पाहिली. चार, साडेचार, मग तीन तास मोकळी जागा, मग सहा. सहाला कुणी बोलत नाही, आणि मोकळ्या जागेला तर कधीच नाही. बॅटरी मध्ये पुन्हा कुणीतरी काढून नेली होती, ती या वेळी परत जोडलीच नव्हती.

मामा ओट्यावर असतात. आज दुपारी लाईट गेली तेव्हा मुलगी त्यांच्या मांडीवर होती, त्यांच्या मिशा ओढत. पंखा थांबला. मामांनी मुलीला उचलून माझ्याकडं दिलं, उठले, एका पायात चप्पल घातली. डेअरीच्या बाजूला कान लावून उभे राहिले. जनरेटरचा आवाज येत नव्हता. पाच मिनिटं गेली असतील, दहाही गेली असतील. मी मुलीला पदरानं वारा घालत त्यांच्याकडं बघत होते.

मग त्यांनी चप्पल काढली, भिंतीला नीट लावून ठेवली आणि मुलीसाठी हात पुढं केले.